डॉक्टरांचा उजवा पाय

दवाखाना बंद करायच्या वेळेला आलेला तो पेशंट घ्यायचा की उद्या बोलवायचा, एवढाच काय तो प्रश्न होता. दातांच्या डॉक्टरांना दया आली आणि तिथेच सगळं फिसकटलं.

तो मिशाळ गृहस्थ गाल धरून खुर्चीत पडला. "घाबरू नका, काही दुखणार नाही," असं (सवयीप्रमाणे खोटं) सांगून डॉक्टरांनी त्याच्या तोंडात कापूस कोंबला आणि स्वतःचं दुखणं उगाळायला घेतलं. उद्या सकाळी त्यांची ड्रायव्हिंगची परीक्षा होती. चौथ्यांदा! एकटे बसने निघाले की डॉक्टर हमखास भलत्याच ठिकाणी उतरत, म्हणून इतकी वर्षं बायकोच त्यांना गाडीने दवाखान्यात सोडत आली होती. आता तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला मनासारखी नोकरी मिळत होती, सोमवारी रुजू व्हायचं होतं. उद्या लायसन्स मिळालं नाही, तर तिची नोकरी हातची जाणार.

"आणि हे परीक्षा घेणारे! एक नंबरचे खडूस," डॉक्टर ड्रिल फिरवत म्हणाले. "घरी बायको विचारत नसणार, तो राग आमच्यावर काढतात. काय?"

"आँ! आँऽऽ!"

"अगदी माझ्या मनातलं बोललात."

शेवटी "एका बैठकीत नाही व्हायचं हे, पुन्हा यावं लागेल," असं बजावून, दातात तात्पुरतं सिमेंट भरून त्यांनी त्याला वाटेला लावलं. बधिर जबड्याने तो काहीतरी पुटपुटत होता, पण डॉक्टर तेव्हा दिवे मालवत होते.

सकाळी गाडीचं दार उघडून शेजारच्या सीटवर परीक्षक येऊन बसला. तीच मिशी, गाल टम्म! डॉक्टरांनी स्टीअरिंग घट्ट धरलं.

"घाबरू नका," परीक्षक म्हणाला. "काही दुखणार नाही."

डॉक्टरांनी पट्टा लावला, गिअर टाकला आणि गाडीने असा काही गचका खाल्ला की परीक्षकाचा हात थेट गालावर गेला.

"हँडब्रेक," तो कण्हला.

डॉक्टरांनी हँडब्रेक सोडला आणि मनाशी ठरवलं, आता काही झालं तरी या माणसाला धक्का बसता कामा नये. मग गाडी अशी काही निघाली की सायकलवाले पुढे जाऊ लागले. मागचा ट्रकवाला हॉर्नवर ठेवलेला हात काढेचना. डॉक्टर वळले ते इंडिकेटर न देता, आणि नंतर आठवण झाल्यावर दिला तो बंद करायचा राहिला. परीक्षकाची पेन्सिल कागदावर खरखरली की डॉक्टरांच्या मणक्यातून कळ जाई. आपल्या ड्रिलचा आवाज पेशंटला कसा लागत असेल, ते त्यांना आज कळलं.

"आरसा!" परीक्षक म्हणाला.

डॉक्टरांनी घाईघाईने शर्टाचा खिसा चाचपला.

"अहो, गाडीचा! दिवसभर हातात आरसा धरून काम करता, आणि समोरच्यात एकदाही बघवलं नाही?"

एवढ्यात चौक आला. थांबायची पांढरी रेघ, आणि तिच्या पुढे रस्ता ओलांडणाऱ्या एक आजी. थांब, थांब, डॉक्टरांचं मन ओरडत होतं. पण त्यांच्या उजव्या पायाने उभ्या जन्मात एकच धडा गिरवला होता: खुर्चीजवळचं पेडल पायाने दाबलं की ड्रिल फिरतं, पाय उचलला की थांबतं. डॉक्टरांनी झटकन पाय उचलला आणि गाडी थांबायची वाट बघत बसले. गाडी निवांतपणे रेघेवरून पुढे घरंगळली.

"ब्रेक! ब्रेऽऽक!" परीक्षकाने एवढा मोठा आ वासला, जेवढा त्याने काल सांगूनही वासला नव्हता.

डॉक्टर ब्रेकवर अक्षरशः उभे राहिले. आजी हातभर अंतरावर वाचल्या. परीक्षकाच्या तोंडातलं सिमेंट टणकन डॅशबोर्डवर येऊन पडलं.

बाहेर आजी बोलल्या, आणि पोटभर बोलल्या.

"डॉक्टर," तो तुकडा रुमालात गुंडाळत परीक्षक म्हणाला, "घरी बायको विचारते मला. तेव्हा रागाने म्हणतोय असं समजू नका, पण एका बैठकीत नाही व्हायचं हे. पुन्हा यावं लागेल. मीही येतो संध्याकाळी."

आरटीओच्या फाटकापाशी बायको उभी होती. डॉक्टरांचा चेहरा बघून तिने किल्लीसाठी हात पुढे केला. डॉक्टरांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"अगं, माझ्यापायी तुझी नोकरी गेली."

"जातेय कशाला? मी कालच हो म्हणून कळवलंय."

"काल? परीक्षेच्या आधीच?" डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला. "एवढा भरवसा होता तुझा माझ्यावर?"

"पूर्ण भरवसा होता," ती गाडीत बसत म्हणाली. "म्हणून तर शेजारच्या मास्तरांना कालच सांगून ठेवलंय. सोमवारपासून आठच्या बसमध्ये ते तुम्हाला हात धरून चढवतील, आणि दवाखान्यापाशी हात धरून उतरवतीलसुद्धा."