हबीबचाचा आणि वजनाचा काटा

हबीबचाचांनी एकदा उशी विकत घेण्याआधी दुकानातच तिच्यावर झोप काढली होती. डोकं टेकवून पाहतो म्हणून आडवे झाले आणि घोरायलाच लागले. दुकानदार बिचारा बाकीच्या गिऱ्हाइकांशी हळू आवाजात भाव करत राहिला. जागे झाल्यावर चाचा म्हणाले, "मान बरोबर राह्यली. बांधून दे."

छत्री घ्यायला गेले तेव्हा सोबत पाण्याचा तांब्या नेला होता. मी नेमकी बाजारात भेटले. त्यांनी छत्री उघडून डोक्यावर धरली आणि तांब्या माझ्या हातात दिला. शाळेत शिकवणारी बाई भर रस्त्यात एका म्हाताऱ्या माणसावर पाणी ओततेय, हे माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या आईबापांनी त्या दिवशी पाहिलं.

"घेऊ ना," असं ते कुठल्याही वस्तूबद्दल म्हणतात, "पण तपासून घेऊ."

चाचा मंगरूळपीरला आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. सत्तरी उलटलेली, पांढरी दाढी नीट कातरलेली, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. बायको, म्हणजे आमच्या शकिलाचाची गेल्या तेव्हा त्यांनी ते पुतण्याच्या हवाली केलं. मुलगी लग्न होऊन नागपूरला असते. आता घरात ते एकटेच.

मागच्या हिवाळ्यात मला श्वास पुरेनासा झाला. शाळेचा जिना चढले की फळ्याला टेकून उभी राहायची. पाय सुजायला लागले तेव्हा नवऱ्याने, प्रकाशने, मला अकोल्याला दवाखान्यात नेलं. हृदय अशक्त झालंय आणि त्यामुळे अंगात पाणी साचतंय, असं निघालं. बरं वाटल्यावर घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर आणखी एक काम दिलं. रोज सकाळी, चहाच्या आधी, घरीच वजन करायचं. "एक-दोन दिवसांत वजन एकदम वाढलं, तर ती चरबी नसते, पाणी असतं," ते म्हणाले. "तेव्हा वाट पाहू नका, मला फोन करा."

दुसऱ्या दिवशी प्रकाश ओट्यावर बसून मोबाईलवर काटे पाहत होता आणि किमती मला मोठ्याने वाचून दाखवत होता. भिंतीपलीकडून आवाज आला.

"काय घेऊन राह्यले, प्रकाशराव?"

"वजनाचा काटा, चाचा. डाक्टरनं सांगतला."

"मोबाईलवरून? त्याच्यावर उभं राहून पाह्यलं काय तुमी?"

प्रकाशने मोबाईल खिशात ठेवला. वीस वर्षांच्या शेजारात एवढं त्याला कळतं.

त्या रविवारी आम्ही तिघं एसटीने वाशिमला गेलो. चाचांच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत तुरीच्या डाळीचं शिवलेलं पोतडं. शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, लेकीकडे चालले काय. "नाई," चाचा म्हणाले, "काटा तपासाले." तिने खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली.

दुकानदाराने एकामागून एक काटे काढले. चाचा पोतडं ठेवत, आकडा पाहत, उचलत आणि पुन्हा ठेवत. पहिला काटा दर वेळी वेगळं सांगायचा. "याचं एका बोलीवर मन नाई," असं म्हणून त्यांनी तो बाजूला सारला. दुसरा सुईचा होता. त्याच्यावर मला उभं केलं, पण आकडा दिसेना म्हणून मी वाकले, तशी सुई थरथरायला लागली. तिसरा काचेचा आणि दिसायला फार देखणा. चाचांनी दुकानदाराकडे पाणी मागितलं. त्याला वाटलं, प्यायला. चाचांनी ओला पंजा काचेवर फिरवला आणि म्हणाले, "आंघोळ करून आली का घसरन हे पोरगी."

चौथा मोबाईलला जोडायचा होता. अंगातली चरबी, हाडं, पाणी, शरीराचं वय, सगळं सांगणारा, आणि वर बाईच्या आवाजात वजन बोलून दाखवणारा.

"नको," मी म्हटलं.

"नकोच," चाचा म्हणाले. "बाईमाणसाचं वजन घरभर ऐकू जाईन. बरं दिसते काय ते?"

शेवटी एक साधा रुंद काटा निघाला. वर खडबडीत रबर, खाली न सरकणारे पाय, आणि चष्म्याशिवाय दिसतील एवढे आकडे. सेलही आमच्या कोपऱ्यावरच्या किराण्यात मिळणारे. पोतडं मध्ये ठेवा, कडेला ठेवा, आकडा तोच. दुकानदाराने घाम पुसला आणि आम्हा सगळ्यांसाठी चहा मागवला. मला वाटतं, सुटकेच्या आनंदात.

घरी आल्यावर चाचांनी सतरंजीवर ठेवलेला काटा उचलायला लावला, मधल्या खोलीतली सपाट फरशी शोधली आणि काट्याभोवती खडूने चौकट आखली.

आता गंमत पाहा. बोलणारा काटा ज्यांनी नाकारला, तेच चाचा दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आमच्या फाटकाशी उभं राहून मोठ्याने विचारू लागले, "बेटा, किती?" आणि मी आतून सांगायची. गल्लीला माझं वजन पाठ झालं. शेवटी मी हात जोडले. तेव्हा त्यांनी प्रश्न बदलला. "बेटा, कालचंच काय?" मी म्हणायची, "कालचंच, चाचा." मग समाधानाने मान हलवून ते जायचे. काही दिवसांनी भाजीवालीसुद्धा मेथी तोलताना विचारू लागली, "मॅडम, कालचंच ना?"

उन्हाळा लागता लागता मेडशीला भाचीचं लग्न झालं. मी दोन दिवस राहिले. पापड, लोणचं, मठ्ठा, कशाला नाही म्हटलं नाही. परत आल्यावर आकडा चांगलाच वर गेला होता.

"आज जास्त दिसून राह्यलं, चाचा," मी हसत म्हटलं. "लग्नातलं जेवण."

ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी आकडा आणखी चढला. मी सांगितलं, तसे ते फाटक उघडून सरळ आत आले. इतक्या सकाळी ते असे कधी आत येत नसत. खुर्ची दिली तर बसले नाहीत. माझ्या पावलांकडे पाहत होते.

"फोन लावा डाक्टरले."

"शनिवारी जाऊनच राह्यलो, चाचा," प्रकाश म्हणाला. "तिले काही त्रास नाही."

"त्रास व्हयाची वाट पाहता काय? आत्ता लावा. माह्यासमोर."

प्रकाशने फोन लावला. डॉक्टरांनी लगेच बोलावून घेतलं. पाणी पुन्हा साचायला लागलं होतं, पण श्वासापर्यंत पोचलं नव्हतं. औषध बदलून, एक दिवस ठेवून घेऊन त्यांनी मला घरी पाठवलं. "वेळेवर आलात," म्हणाले.

संध्याकाळी मी डबा घेऊन चाचांकडे गेले. आभार मानायचे होते, पण कसे मानावेत ते सुचत नव्हतं. ते पलंगावर बसले होते. "बस बेटा," म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता सांगायला लागले.

"तुही चाची जनमभर काडीसारखी होती. शेवटी शेवटी अंग भरून आलं तिचं. चेहरा गोल झाला, हात भरले. बांगड्या रुतायले लागल्या तं म्या मोठ्या मापाच्या आणल्या. माह्या हातानं घातल्या. म्हटलं, आता कुठं सुखाची रोटी अंगाले लागली तुह्या. ते लाजली." त्यांनी शर्टाची वरची गुंडी चाचपली. "पाणी होतं ते, बेटा. अन् मी खुश होऊन राह्यलो होतो. कोणाले विचारलंसुद्धा नाई."

मी त्यांना समजावलं नाही. तुमचा काय दोष, हे त्यांना आजवर पुष्कळांनी सांगितलं असेल. मी म्हटलं, "चाचा, उद्यापासून सकाळचा चहा आमच्याकडे घ्यायचा. फाटकाशी उभं राहायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ते आले. इस्त्रीचा शर्ट, दाढी विंचरलेली. प्रकाशने ओट्यावर खुर्ची टाकली. चहा पिता पिता ते चाचींबद्दल बोलायला लागले. चाची दुकानात बसत तेव्हा नव्या नवरीला बांगड्या भरताना गाणं गुणगुणायच्या. नवरीला दुखू नये म्हणून. ते गाणं कोणतं, ते त्यांना आठवेना. त्यांनी डोळे मिटून चाल धरून पाहिली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा सापडली.

माझी शाळेची वेळ होत आली होती. मी उठले नाही.