सुदर्शनचा पळता दिवा

रविवारी सकाळी सुदर्शनने मोटारसायकलचा मागचा दिवा उपटला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हृदय उघडून बसलेल्या डॉक्टरचा गंभीर आनंद होता. ऑनलाइन मागवलेल्या नव्या एलईडीत लाल ठिपके या टोकाकडून त्या टोकाकडे पळत. सुदर्शन सत्तेचाळिशीत होता. पळायचं काम आता दिव्यानेच करायचं होतं.

"सर्व्हिस सेंटर नावाची एक सोय असते," सोसायटीचे चेअरमन बापूराव पार्किंगमधून जाता जाता म्हणाले.

"अहो, चारच तर वायरी आहेत!"

"घर पेटवायला दोन पुरतात."

बायकोने, तेजस्विनीने, वाद घातला नाही. अट घातली. दोघांना कोथरूडहून खराडीला सुदर्शनच्या बहिणीकडे, नम्रताकडे जेवायला जायचं होतं. "घरी परत येईपर्यंत एकाने जरी या दिव्याचं कौतुक केलं, तर राहू दे. नाहीतर ही तुझी पान्यांची पेटी भंगारात. मिक्सर आठवतोय ना?"

पेटी पहिल्या पगारातली होती. सुदर्शनने अट मान्य केली आणि किक मारली.

चारपैकी दोन वायरींनी जागा बदलल्या होत्या, एवढंच. ब्रेक दाबला की इंडिकेटर पळायचा. पुढे बसणाऱ्याला मागचं दिसत नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

नळस्टॉपला पहिली हाक आली. "काका, इंडिकेटर!"

सुदर्शनने बटण पाहिलं. बंद. काय म्हणतायत ते नीट ऐकावं म्हणून त्याने ब्रेक दाबला.

"अहो, वळायचंय तर वळा एकदाचे!" मागचा रिक्षावाला खेकसला.

"बघितलंस? लोकांचं लक्ष जातंय!" सुदर्शन हरखला.

"हो ना. आता फक्त कौतुक तेवढं राहिलंय."

पुणेकर स्वतः सहसा इंडिकेटर देत नाही. पण दुसऱ्याचा चालू राहिलेला त्याला बघवत नाही. येरवड्यापर्यंत कॉलेजच्या पोरी, एक दूधवाला, बसच्या खिडकीतल्या आजी आणि चौकातला हवालदार, सगळे ओरडले. सुदर्शन ऐकायला ब्रेक दाबी, दिवा पळे, की नवा माणूस ओरडे.

परतताना त्याने ठरवलं, आता कुणाचंही ऐकायचं नाही. म्हात्रे पुलाजवळच्या गतिरोधकावर मागे 'खट्ट' झालं. पाठोपाठ स्कूटरवरची एक मुलगी ओरडायला लागली, "काका, थांबा! लाइट!"

"माहितेय! बंदच आहे!" म्हणत त्याने गाडी पिळली. मुलगीही हट्टी. कोथरूडच्या गल्ल्यांतून वरात थेट सोसायटीत शिरली.

"झालं? आण पेटी," तेजस्विनी उतरत म्हणाली.

तेवढ्यात मुलगी धापा टाकत पोचली. हातात दिवा, खाली लोंबणाऱ्या चार वायरी. "काय पळवता हो काका! हा पडला तुमचा." मग दिवा उलटासुलटा करत, "पण कसला भारी आहे! कुठून घेतलात?"

"ऐकलंस? ऐकलंस ना? भारी!" सुदर्शन पार्किंगमध्ये अक्षरशः नाचला.

तेजस्विनीने दिव्याकडे पाहिलं, मग गाडीच्या मागच्या भोकाकडे. शब्दाला पक्की बाई. "हरले. पेटी तुझी, दिवाही राहू दे. गाडीवर राहू दे असं मात्र मी म्हटलं नव्हतं."

गणपतीत दिवा मखरात लागला. लाल ठिपके मूर्तीमागे पळू लागले, येणारा जाणारा "वा!" म्हणू लागला, आणि सुदर्शन प्रत्येकाला वायरिंग समजावू लागला. बापूरावांनी डोळे मिटून नमस्कार केला, मोदक घेतला आणि ते दारातून मागे वळले.

"सुदर्शन, बाप्पाचा इंडिकेटर चालू राहिलाय."