सतरा नंबरचा सातवा केस

तंद्रीराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण गुरांच्या संशोधन केंद्रात त्याला सगळे त्याच नावाने हाक मारत आणि दुसऱ्या हाकेला तो ओ देत असे. काम तसं नाजूक. गाईच्या शेपटीच्या गोंड्यातले सात केस मुळासकट उपटायचे, पाकिटात घालायचे, वर नंबर टाकायचा. त्या मुळांमधून यंत्र गर्भधारणेच्या संप्रेरकांची जनुकं वाचत असे आणि कोणती गाय ठेवायची, कोणती काढायची, ते ठरत असे.

सतरा नंबरची गाय तीनदा कृत्रिम रेतन करूनही गाभण राहिली नव्हती. अहवाल चांगला आला नाही तर शुक्रवारी गाडी येऊन तिला नेणार होती. तंद्रीरावाचा तिच्यावर जीव होता. दुपारच्या डुलकीच्या वेळी दोघं कुंपणाशी उभी राहत. ती रवंथ करी, तो ढग बघे. तंद्री लागली की त्याचा हात डोक्यात जाई आणि तो एकेक केस उपटत राही. "टक्कल पडेल हो," असं सांगून बायको थकली होती.

बुधवारी प्रमुख बाईंनी त्याला बोलावलं. गुरांचे डॉक्टर आधीच येऊन बसले होते.

"सतरा नंबरच्या नमुन्यात माणूस सापडलाय," बाई म्हणाल्या. "पुरुष."

"मी तिचं तीनदा रेतन केलंय बाई," डॉक्टर म्हणाले. "गायच आहे."

"यंत्र दोनदा धुतलं, रसायनं बदलली. तरी माणूस जात नाही. कुणाचा तरी केस पडलाय." बाईंची नजर डॉक्टरांवर गेली. डॉक्टरांनी शांतपणे टोपी काढली. टाळू आरशासारखी लख्ख होती.

मग दोघांनीही तंद्रीरावाकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता आणि त्याच्या चिमटीत एक केस होता.

"सहाच भरले होते बाई," तो ओशाळून म्हणाला. "मग टेबलावर एक दिसला. म्हटलं, तिचाच असेल."

"पुन्हा वाचायला आठ दिवस लागतील. गाडी परवा येतेय."

तंद्रीरावाने चिमटीतला केस टाकून हात जोडले. "तिला माझ्यामुळे नका हो पाठवू," तो म्हणाला. बाईंनी अहवाल मिटला. मग म्हणाल्या, "डॉक्टर, गाभण आहे का ते तुम्हीच एकदा हात घालून बघा."

गोठ्यात डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत आत गेला आणि तिथेच थांबला. त्यांनाही तंद्री लागली की काय, असं वाटेपर्यंत थांबला.

"गाभण आहे," ते म्हणाले. "अडीच महिन्यांची."

"शेवटचं रेतन पाच महिन्यांपूर्वीचं," बाई म्हणाल्या. "मग हे कसं?"

तंद्रीरावाला अडीच महिन्यांपूर्वीची एक दुपार आठवली. तो केंद्रातल्या वळूच्या आवाराच्या फाटकाला टेकून उभा होता. ढगांचं एक सुंदर गलबत चाललं होतं. भानावर आला तेव्हा फाटक सताड उघडं होतं आणि वळू सतरा नंबरशेजारी अगदी साळसूदपणे उभा होता.

"तुम्हाला काही माहितीये?" बाईंनी त्याला विचारलं.

त्याचा हात डोक्याकडे निघाला होता, तो त्याने अर्ध्यातूनच परत आणून खिशात घातला. सतरा नंबरने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि निवांत रवंथ सुरू केला. तीही काही बोलली नाही.