दुहेरी रेघ

आमच्या तालुक्यात नववीच्या मुलांची प्राणी की वनस्पती ही नोंद विज्ञानाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत होते, आणि वनस्पती ठरणाऱ्यांना त्याच दिवशी शाळेमागच्या वाफ्यात लावतात.

पद्धत सोपी आहे. विद्यार्थी टूथपिकने गालाची आतली बाजू खरवडतो, ती ऊती काचपट्टीवर घेतो, निळा रंग टाकतो आणि सूक्ष्मदर्शकातून दिसेल ते जर्नलमध्ये काढतो. पेशीभोवती एक रेघ असेल तर नुसतं पटल, म्हणजे प्राणी. दोन असतील तर पेशीभित्तिका, म्हणजे वनस्पती. बाहेरगावचे परीक्षक आकृतीवर सही करतात. काचपट्टी कुणी बघत नाही.

मी आठ वर्षं परदेशात शिकून मुद्दाम या शाळेत आले. आल्यावर कळलं, की मुलं वर्षानुवर्षं एकाच जुन्या जर्नलवरून एका रेघेची आकृती उतरवत होती. वाफा सतरा वर्षं रिकामा होता. मी ते जर्नल कपाटात बंद केलं आणि जूनपासून रोज सांगत राहिले: दिसेल तेच काढा. खोटी आकृती काढणारा देश पुढे जात नाही.

फेब्रुवारीत बेचाळीस मुलांना एक रेघ दिसली. ईश्वरी वायभासेला दोन दिसल्या.

परीक्षक खंडागळे सर तिच्या आकृतीकडे बराच वेळ बघत राहिले.

"बाळा, पेन्सिल बोथट आहे का तुझी?"

"नाही सर, आत्ताच टोक काढलंय."

"बरं." त्यांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, मी चहा घेऊन येतो. दहा मिनिटं लागतील. खोडरबर असेल ना वर्गात?"

ते गेले. खिडकीचे गज धरून ईश्वरीची आई उभी होती.

"ईशे, खोड की ती रेघ!"

"माय, दिसायलंय मला."

"मला तुझ्या बापात काय काय दिसतंय, मी काढीत बसते का?"

कुणी हसलं नाही.

ईश्वरी माझ्याकडे वळली. "मॅडम, तुमची पेशी बघायची का? तुमच्यातपण दोन रेघा दिसल्या तर सूक्ष्मदर्शकच खराब असेल. मग मी खोडते."

तिचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. फक्त मी नववी दुसऱ्या जिल्ह्यात केली होती, त्यामुळे माझी नोंद अजून व्हायची होती. शिक्षकांना नियमात सूट नाही.

मी गाल खरवडला. रंग टाकला. डोळा लावला.

विटांसारख्या चौकोनी पेशी, एकमेकींना चिकटून, मध्ये फट नाही. प्रत्येकीभोवती दोन रेघा, कुणी पट्टीने आखाव्यात तशा. वर्गात बेचाळीस मुलं होती. खिडकीत आई होती. चहा संपत आला असणार.

"काय दिसतंय, मॅडम?"

"एकच रेघ," मी म्हणाले, आणि काचपट्टी पाण्याच्या भांड्यात टाकली.

ईश्वरी स्वतः बघायला वाकलीसुद्धा नाही. तिने खोडरबर कंपासपेटीत ठेवलं. "मग माझं बरोबर आहे."

खंडागळे सर आले. त्यांनी आकृती पाहिली, मग मला पाहिलं, आणि सही केली.

तीन वाजता शिपायाने वाफ्यात घोट्याइतका खोल खड्डा काढला. ईश्वरी गणवेशातच उभी राहिली. माती तिच्या आईने लोटली. तो मान आईचा असतो. मी पाणी घातलं.

"मॅडम, पाय गार पडलेत."

"पडतील थोडा वेळ."

वाफ्यात उतरताना पायांत काही ठेवायचं नसतं. सरांनी बूट काढले होते, आई अनवाणीच होती.

"मॅडम, चपला," शिपाई हळूच म्हणाला.

"राहू द्या."

ओली माती चपलेच्या कडेवरून आत येऊन टाचेला लागली. बरी वाटली. मी मागे सरले आणि व्हरांड्याच्या फरशीवर जाऊन उभी राहिले.