रताळ्याच्या वावरातला रसिक

सकाळी सहा वाजता केळझरच्या शिवारात, रूपरावांच्या रताळ्याच्या वावरात, एक रानडुक्कर भोंग्याखाली झोपलेलं आढळलं. भोंग्यावर साठेक वर्षांपूर्वीचं एक संथ प्रेमगीत चालू होतं. डुक्कर कुशीवर होतं, चारही पाय ताणलेले होते आणि आजूबाजूला दोन सऱ्या उकरलेल्या होत्या.

रूपराव वावराच्या बांधावर, धुऱ्यावरच थिजले. दुसऱ्या कोणाच्या वावरात डुक्कर निघालं असतं तर तो शिव्या घालून मोकळा झाला असता. रूपरावांना ती सोय नव्हती. दहा वाजता वर्ध्याहून जुनी गाणी रसिक मंडळ येणार होतं, आणि ते याच वावरात डुक्कर फिरकत नाही हे डोळ्यांनी पाहायला येणार होतं. पाहून झालं की रूपरावांच्या गळ्यात मंडळाच्या अध्यक्षपदाची माळ पडायची होती.

डुकरं पळवायला वावरात भोंगा लावायचा, ही आता गावोगावची रीत. त्यांचा मुलगा स्वप्निल आधी त्यावर डीजेची नवी गाणी लावायचा. पहिल्या दिवशी डुकरं शेपूट वर करून पळाली. आठवडाभरात ती त्याच ठेक्यावर जेवू लागली. गाणी बदलली, पुन्हा तेच.

"आजचं गाणं डुकरालेबी आठ दिवस पुरत नाई," रूपरावांनी चहाच्या टपरीवर जाहीर केलं होतं. "जुनं लाव, मंग पाय."

जुनं लावलं आणि डुकरं खरोखर यायची थांबली. रूपरावांनी त्यातून सिद्धांत काढला: जुन्या गाण्यात सत्त्व आहे, म्हणून ती टिकतात आणि पीकही टिकवतात. सिद्धांत केळझरहून सेलूला आणि सेलूहून वर्ध्याला पोचला. तिथे त्यांचं तासभर भाषण झालं. त्यांच्या बायकोने, गोपिकाबाईंनी, तेव्हाच एक शंका काढली होती.

"अवो, शेजारी प्रभाकररावचा हरभरा उभा हाय. डुकरं तिकडं जेवून राह्यले. तुमच्या गाण्याचा काय संबंध?"

"तुले संगीतातलं काई समजत नाई," असं म्हणून रूपरावांनी शंका निकालात काढली होती.

प्रभाकररावांनी परवा हरभरा काढला.

"बंद कर तो भोंगा," रूपराव मागून आलेल्या स्वप्निलला कुजबुजले. स्वप्निलने गाणं बंद केलं. डुकराने एक डोळा उघडला, मग दुसरा. ते उठून बसलं आणि सुळे दाखवत गुरगुरलं.

"चालू कर, चालू कर!"

गाणं पुन्हा सुरू झालं. डुक्कर धपकन आडवं झालं.

"बाबा, ट्रॅक्टरवर एखादं नवं गाणं लावतो. एका मिनिटात पळते थे."

"खबरदार! प्रभाकररावच्या घरी आवाज गेला त दहा वाजेपावतर साऱ्या गावात होईन. रूपरावनं नवं गाणं लावून रताळे वाचवले म्हणून!"

"मंग रताळे जाऊ द्या," तोवर धुऱ्यावर पोचलेल्या गोपिकाबाई म्हणाल्या. "शिवरात्रीले आपण अध्यक्षपद उकडून खाऊ."

शेवटी रूपरावांनी लांबूनच रताळ्याचे वेल डुकरावर फेकले. वेलांचा ढीग संथपणे वरखाली होत राहिला.

दहाच्या सुमाराला स्वप्निल सात-आठ रसिकांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून घेऊन आला. मावळते अध्यक्ष धनंजय सर, निवृत्त प्राध्यापक, उतरताच बोलायला लागले. "त्या काळी शब्दांना अर्थ होता. चालीला शील होतं. एक गाणं वाईट निघत नव्हतं, रूपराव!"

"निंगत होते की सर," चहाचे कप वाटता वाटता गोपिकाबाई म्हणाल्या. "माह्या लग्नात बँडवाल्यानं किती बेकार गाणे वाजवले! थे कोणालेच आठवत नाई. माह्या सासूचे पितळी गंज-पातेले उरले, टिनाचे भंगारात गेले. म्हून का तवा टीन निंगतच नव्हता?"

"वहिनी, हा कलेचा विषय आहे," सर हसून म्हणाले. रूपरावांनी बायकोकडे डोळे वटारले. तेवढ्यात वेलांचा ढीग घोरला.

सगळे वळले. सरांनी छत्रीच्या टोकाने एक वेल बाजूला केला आणि खालचा कान पाहून ते दोन पावलं मागे सरले. रूपराव घाईने मधे आले.

"सर, थे... आजच आलं. मी तुमाले सांगणारच होतो..."

"काही सांगू नका!" सरांचा आवाज भरून आला. "रूपराव, हे पळवण्यापेक्षा मोठं आहे. हिंस्र जनावर स्वरसमाधीत! मित्रांनो, आणखी कोणता पुरावा पाहिजे?"

रसिकांनी टाळ्या वाजवल्या, अर्थात हळू. मोबाइल निघाले. डुक्कर आलं नसतं तर सिद्धांत खरा होता, आणि डुक्कर आलं म्हणून तो आणखी खरा झाला. रूपरावांची छाती फुगली. उकरलेल्या सऱ्या त्यांना दिसेनाशा झाल्या. तिथेच ठराव झाला, माळ पडली, आणि सरांनी सुचवलं की भोंग्यावरचंच गाणं सगळ्यांनी मिळून म्हणून नव्या अध्यक्षांचं स्वागत करावं.

धृपद दणक्यात झालं. अंतरा आला तसे आवाज विरळ झाले. एकाने "ला ला ला" धरलं, दुसऱ्याने डोळे मिटून मान हलवली, तिसऱ्याला खोकला आला. स्वतः नवे अध्यक्ष नुसतेच ओठ हलवत होते. दुसऱ्या अंतऱ्याला सर पुन्हा धृपदावर आले, तेही वरच्या पट्टीत.

डुक्कर उठलं.

वेल अंगावर घेऊन ते आधी खांबाकडे धावलं. वायर पायात अडकली, भोंगा खाली आला आणि गाणं थांबलं. मग ते वळलं. चालीतलं शील जपणारी सगळी मंडळी एका दमात ट्रॉलीत चढली. सर सर्वांत आधी पोचले होते. स्वप्निल ट्रॅक्टरवर चढला.

"बाबा, आता त लावू काय नवं? स्पीकर तयार हाय."

रूपरावांनी मंडळाकडे पाहिलं. मंडळाने आभाळाकडे पाहिलं.

"सारे पाहून राह्यले बे," ते पुटपुटले.

"पण ताजं लागन. मांगच्या महिन्यातलं त त्यानं पचवलं."

"कोणतं हाय ताजं?"

"थेच त मलेबी आठवून नाई राह्यलं," स्वप्निल फोनवर बोट फिरवत म्हणाला.

 मग धनंजय सर खाकरले. त्यांनी या आठवड्यात गाजत असलेल्या एका गाण्याचं नाव सांगितलं. स्वप्निलला ते सापडेना, तेव्हा सरांनी त्याची पहिली ओळ सांगितली, मग दुसरी, मग दोन्ही अंतरे, शेवटच्या हिसक्यापर्यंत, एकही शब्द न अडखळता. "नातीमुळे कानावर पडतं," ते म्हणाले. कोणी काही विचारलं नव्हतं.

साडेअकरापर्यंतची स्थिती अशी: मंडळ ट्रॉलीत आहे, डुक्कर पाचव्या सरीत आहे, गाणं सापडलेलं आहे आणि स्वप्निलचं बोट बटणावर आहे. गोपिकाबाई धुऱ्यावरून ओरडून विचारताहेत की अध्यक्ष काय म्हणून राह्यले. अध्यक्षांनी अद्याप परवानगी दिलेली नाही.