एका पलंगाची दोन नावं

इजिप्तमधल्या दुम्यात शहरातल्या फर्निचरवाल्या वगदी लोझींना एका गोष्टीचा फार अभिमान होता: गिऱ्हाईक दुकानात पाऊल टाकायच्या आत ते त्याला ओळखायचे. त्यामुळे मुलगी रीहाम दुकानाची वेबसाइट करायला बसली, तेव्हा ते तिच्या मानगुटीवरच बसले.

"सगळ्यांना एकच पान कसलं दाखवतेस? नवरीच्या आईला थाट हवा, नवऱ्याच्या आईला आटोपशीर हवं. आत शिरतानाच विचार, कुठल्या बाजूचे?"

रीहामनं तसं केलं. वधूपक्षाच्या पानावर सोनेरी झगमगाटात जो पलंग 'सुलताना' म्हणून मिरवत होता, तोच वरपक्षाच्या पानावर 'समाधान' झाला: साधा, टिकाऊ, डामडौल नाही. किंमत तीच. "मग यात खोटं काय?" वगदी म्हणाले.

आणि एके दिवशी सामिहाबाई व इन्शिराहबाई, होऊ घातलेल्या विहिणी, मुलांना घेऊन एकत्रच दुकानात आल्या.

"माझी मुलगी 'सुलताना'वरच झोपेल!" सामिहाबाईंनी जाहीर केलं.

"आमचं 'समाधान' ठरलंय," इन्शिराहबाई म्हणाल्या.

"म्हणजे पोरीला फळीवर झोपवणार?"

"तुमच्या घरी काय हस्तिदंताचे पलंग आहेत?"

नवरी बोटातली अंगठी काढू-घालू लागली. नवरदेवानं चहाच्या पेल्यात तोंड खुपसलं. वगदींना घाम फुटला. खरं सांगावं तर दोघी मिळून दुकान डोक्यावर घेणार, गप्प बसावं तर लग्न मोडणार! शेवटी त्यांनी मुकाट्यानं दोघींना पलंगापाशी नेलं आणि वरची चादर ओढली.

"हाच!" दोघी एकदम म्हणाल्या. समोरची वरमली, असं दोघींनाही वाटलं.

सामिहाबाईंनी वगदींना कोपऱ्यात घेतलं. "हाजीसाहेब, ही 'सुलताना' आहे हे विहीणबाईंना कळू देऊ नका. साधा समजून खूश आहेत बिचाऱ्या."

त्या वळल्या तशा इन्शिराहबाई आल्या. "तुम्ही काही बोलू नका हं. तिला राजवाड्यातला वाटतोय ना, वाटू दे."

वगदींनी दोघींनाही छातीवर हात ठेवून वचन दिलं.

मंडळी गेल्यावर रीहाम म्हणाली, "बाबा, आता तरी एकच पान करू?"

"वेडी की काय! उलट आणखी एक कर. लग्न झालेल्यांसाठी."

"त्यात काय दाखवू?"

"एकेकट्याचे पलंग," वगदी कपाळ पुसत म्हणाले. "दोन-दोन."