मेस्त्रीकाकांच्या मुंग्या

रविवारी सकाळी नऊला आमची बेल वाजली की दार उघडायच्या आधीच मी पेन्सिल हातात घ्यायचो. दारात मेस्त्रीकाका असणार हे ठरलेलं. उजवी बाही कोपराच्या वर दुमडलेली, काखेत लांबलचक रजिस्टर, खिशात बारा इंची स्टीलची पट्टी आणि शर्टाला अडकवलेली एक सेफ्टी पिन. रामराम नाही, शामशाम नाही. काका सरळ सोफ्यावर बसायचे, उजवा हात टीपॉयवर उताणा ठेवायचे, डोळे मिटायचे आणि हुकूम सोडायचे, "वाजव."

मग मी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने त्यांच्या कोपरापासून मनगटाकडे टकटक करत जायचो. फरशी पोकळ आहे का बघताना गवंडी करतो तसं.

"हय नाय... हय नाय... पुढे चल... हां! हय! हय इल्यो मुंग्यो."

काका डोळे उघडत, त्या जागी बॉलपेनने ठिपका देत आणि कोपराच्या घडीपासून तिथवरचं अंतर पट्टीने मोजत. पुन्हा डोळे मिटत. आता पिनेने बोटं टोचायची. अंगठा, "नाय." पहिलं बोट, "नाय." मधलं बोट, "नाय." करंगळी, "आवशीक खाव! आसा! केवढ्यान टोचतंस!" एवढं झालं की रजिस्टरमध्ये तारीख, अंतर, शेरा, आणि शेवटी साक्षीदार म्हणून माझी सही. विक्रोळीच्या आमच्या सोसायटीत लोक एकमेकांना पाणी आलं का विचारतात, तसं लिफ्टमध्ये काकांना विचारायचे, "काय काका, मुंग्या कुठवर आल्या?"

साक्षीदार म्हणून काकांनी मलाच का निवडलं, तेही सांगतो. मी एका विमा कंपनीच्या क्लेम खात्यात आहे. लोकांचे क्लेम का देता येणार नाहीत हे शोधून काढण्यावर माझं घर चालतं. काका म्हणाले, "जाधव, सही तुझीच व्हयी. तू कोणार इस्वास ठेवणारो माणूस नाय." हे मी कौतुक समजलो.

झालं होतं ते असं. काकांना ताप आला म्हणून जवळच्या एका नर्सिंग होममध्ये ठेवलं. सलाइनची सुई कोपराच्या घडीत घातली, तेव्हा काकांच्या बोटांपर्यंत करंट गेला. काका ओरडले. "हात हलवू नका हो काका, लहान मुलासारखं काय करता," असं म्हणून नर्सने सुई आणखी आत सारली आणि वर पट्टी गुंडाळून टाकली. दिवसभर काका येईल त्याला सांगत होते की बोटं मरतायत. येणारा मान हलवायचा आणि तापाचा आकडा लिहून जायचा. संध्याकाळी सुई काढली, तोवर उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली होती. काकांना सुईपेक्षा जास्त राग कशाचा होता, तर दिवसभर सांगूनही ते कोणी लिहून घेतलं नाही याचा.

पुढे एका नसांच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, की कोपरात नस दुखावली आहे, पण ती पुन्हा वाढेल. दिवसाला साधारण एक मिलिमीटर. जिथवर वाढली असेल तिथे टिचकी मारली की मुंग्या येतात. काकी सांगतात, मिलिमीटर हा शब्द ऐकला आणि महिनाभराने यांचा चेहरा पहिल्यांदा माणसासारखा झाला.

कारण मेस्त्रीकाका हा मोजमापाचा माणूस. चौतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये तपासनीस. तिथे तयार झालेला सुटा भाग, त्यांच्या भाषेत 'जॉब', पास की नापास हे काका ठरवायचे. यंत्रं होतीच, पण यंत्राला लावायच्या आधी काका त्यावरून उजवा अंगठा फिरवत आणि निकाल सांगत. यंत्र मागाहून त्यांच्या म्हणण्याला दुजोरा द्यायचं. "माप खोटा बोलणा नाय" हे त्यांचं पालुपद. निवृत्त झाल्यावर हा अंगठा सोसायटीत मोकळा सुटला. लग्नाच्या पंगतीत ताटाची कड, लिफ्टचं दार, नव्याने बसवलेला ओटा, सगळ्यांवरून तो फिरायचा. आम्ही हौसेने डायनिंग टेबल घेतलं, त्याच संध्याकाळी काका आले, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "खिडकीकडे पाव सूत चढ आसा." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, हट्टाने गोटी ठेवून बघितली. गोटी निमूटपणे दाराकडे घरंगळत गेली. तेव्हापासून त्या टेबलावर वैशालीचं मन बसलेलं नाही.

घरच्या माणसांचीही सुटका नव्हती. काकींची टिकली हे तर रोजचं काम. सकाळी चहा घ्यायच्या आधी काका त्यांच्या कपाळाकडे बघत, "अर्धो सूत डाव्याक गेली" म्हणत आणि अंगठ्याने ती मधोमध सरकवत. काकी वैतागून म्हणायच्या, "लग्नाक चाळीस वर्षां झाली, माका अजून माझ्या कपाळाचो मध्य गावलो नाय! आरसो काय खोटो बोलता?"

सुई लागल्यापासून हा अंगठा गप्प झाला. सवयीने तो अजून पुढे यायचा. जिन्याच्या नव्या कठड्यापाशी काका थांबायचे, अंगठा टेकवायचे, थोडा वेळ वाट बघायचे आणि हात खिशात घालून पुढे निघायचे. एकदा गरम तव्याच्या कानाला बोटं लागली आणि वास आल्यावर काकींनाच कळलं. मला सहसा कोणाची कीव येत नाही, खात्याने ती सवय मोडली आहे. पण कठड्यापाशी थांबलेल्या काकांना पाहून मला वाईट वाटायचं.

तर काकांनी ग्राहक आयोगात नुकसानभरपाईचा दावा लावला. घाटकोपरला फरसाणाच्या दुकानाच्या वर ऑफिस असलेल्या सावंत वकीलबाई त्यांना मिळाल्या. बाई तरुण आणि हुशार. त्यांनी पहिलीच सूचना केली, "काका, रोज काय त्रास होतो ते लिहून ठेवा." ही सूचना त्यांनी दुसऱ्या कोणालाही करायला हरकत नव्हती. काकांनी कारखान्याच्या पद्धतीने रकाने आखले. महिन्याभराने बाईंनी रजिस्टर वाचलं आणि कपाळावर हात मारला.

"काका, वेदनेच्या रकान्यात 'मध्यम, कालपेक्षा कमी' असं काय लिहिलंय? 'असह्य' लिहा ना!"

"सोसवता तर असह्य कशा लिवू?"

"आणि दर रविवारी मुंग्या पुढे चालल्यायत. म्हणजे तुम्ही बरे होताय!"

"होय तर."

"अहो, मग क्लेमची वाट लागेल!"

बाईंचं बरोबर होतं. आमच्याकडे असं रजिस्टर आलं असतं तर आम्ही पेढे वाटले असते. मुंग्या जितक्या पुढे, तितकी भरपाई मागे. मीही काकांना समजावलं, की रजिस्टर घरीच राहू द्या, आयोगाला काय दिसतंय. काका एवढंच म्हणाले, "माप खोटा बोलणा नाय."

मग नर्सिंग होमचं लेखी उत्तर आलं. त्यात म्हटलं होतं, की सुईचा काही संबंध नाही. तक्रारदाराचं वय झालं आहे, रक्तात साखर आहे, हात आधीपासूनच सदोष असावा.

मी ते वाचून दाखवलं. सबबी मी रोज वाचतो, माझ्या लेखी ते उत्तर चांगलं होतं. काकांनी मात्र तो कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि घडी करून रजिस्टरमध्ये ठेवला. नंतर म्हणाले, "जाधव, चुको सगळ्यांच्यो होतत. माझ्या हातूनव झाल्यो. पण जॉब बिघडलो की आम्ही तेका लाल टॅग लावू. काय बिघडला, कशान बिघडला, खाली सही. हेंनी टॅग तर लावल्यानी नाय, वर म्हणतत जॉबच खराब होतो. माझो हात खराब नव्हतो रे."

त्या दिवशी मला कळलं की काकांना पैशांची फिकीर नव्हती. चौतीस वर्षं ज्या हाताने दुसऱ्यांना पास-नापास केलं, त्यालाच कोणीतरी न तपासता नापास केलं होतं. ते खोडून काढल्याशिवाय काकांना चैन नव्हतं.

आयोगाने काकांना सरकारी हॉस्पिटलात तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासून घ्यायला पाठवलं. काकींनी मला सोबत पिटाळलं. सावंतबाईंनी हॉस्पिटलच्या पायरीवर काकांना शेवटचं बजावलं, "काका, विचारतील तेवढंच सांगायचं. आणि टोचल्यावर उगाच घाई करून 'आहे' म्हणायचं नाही." काकांनी मान हलवली. काखेत रजिस्टर होतंच.

तपासणाऱ्या मोठ्या डॉक्टरबाई चष्म्यावरून बघणाऱ्या होत्या. त्यांनी काकांना डोळे मिटायला सांगितलं आणि बोटं टोचायला सुरुवात केली. मधलं बोट, "आसा, पण कमी." पहिलं बोट, "आसा, पण कमी." मग अंगठा. सावंतबाईंनी श्वास धरला. खरं सांगायचं तर मीही धरला. "नाय" म्हटलं असतं तर जगात कोणाला काही कळलं नसतं.

"आसा," काका म्हणाले. "नऊ दिस झाले."

सावंतबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"नऊ दिवस, हे इतकं नक्की कसं?" डॉक्टरबाईंनी विचारलं. काकांनी रजिस्टर पुढे केलं.

डॉक्टरबाई पहिलं पान वाचू लागल्या आणि थोड्या वेळाने खुर्ची पुढे ओढून बसल्या. साठ-एक रविवार होते. प्रत्येक रविवारी अंतर सहा-सात मिलिमीटरने वाढलेलं. त्यांनी कागदावर ते आकडे मांडले आणि मागे मागे मोजत गेल्या. मुंग्या निघाल्या होत्या कोपराच्या घडीतून, आणि निघाल्या होत्या सुई लागल्यानंतरच्या दिवसांत.

"हे आधी का नाही दाखवलंत?" त्या म्हणाल्या. "मधुमेहाचा बधिरपणा बहुतेक पायांपासून सुरू होतो, दोन्ही बाजूंना होतो. तो एकाच कोपरातून निघून असा रांगेत चालत बोटांपर्यंत येत नाही. या हाताला आधी काही झालेलं नव्हतं. हे मी लिहून देते."

काकांनी घसा खाकरला. "सही पण व्हयी," म्हणाले.

डॉक्टरबाई लिहिता लिहिता रजिस्टरच्या मागच्या पानांवर गेल्या. तिथे माझ्या सह्या नव्हत्या. तिथे रोजच्या तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेसमोर डाव्या हाताने काढलेली वाकडी अक्षरं. 'टिकली - नाय. टिकली - नाय. टिकली - नाय.' पानंच्या पानं. शेवटच्या नऊ ओळींत, 'टिकली - आसा.'

"ही कसली टेस्ट?"

काका कानापर्यंत लाल झाले. मी त्यांना पहिल्यांदाच खोटं बोलायच्या अगदी जवळ गेलेलं पाहिलं. "तां सोडा, डॉक्टर," ते म्हणाले. "ती घरगुती तपासणी आसा."

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि पान मिटलं.

निकाल लागायला आणखी काही महिने गेले. भरपाई मागितली होती त्याच्या निम्मीही मिळाली नाही, कारण हात बराच सुधारला होता. सावंतबाई हळहळल्या. काकांनी मात्र निकालातलं एकच वाक्य दोनदा वाचून घेतलं. हातात आधी कोणताही दोष नव्हता आणि इजा सुई लावताना झालेल्या निष्काळजीपणामुळे झाली, असं ते वाक्य होतं. घरी येऊन त्यांनी जुन्या पेटीतून एक लाल टॅग काढला आणि रजिस्टरला बांधला. 'जॉब: उजवो हात. कारण: सुई. शेरा: रिपेर झालो.' खाली सही.

आणि रविवारची बेल वाजेनाशी झाली. दोन रविवार मी नऊला उगाच दाराकडे बघितलं. वैशाली म्हणाली, "पेन्सिल ठेव आता खाली." तेवीस वर्षं मी क्लेम बंद करतोय, फाइल बंद झाल्यावर चुकल्याचुकल्यासारखं होण्याची ही पहिलीच वेळ.

तिसऱ्या रविवारी सोफ्याच्या फटीत काकांची स्टीलची पट्टी सापडली. चांगलं निमित्त मिळालं म्हणून मी ती घेऊन वर गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पॅसेजमध्ये काकी आरशासमोर उभ्या होत्या. त्यांनी पाकिटातली टिकली काढली आणि अगदी नीट, कपाळाच्या बरोबर मधोमध लावली. मी पाहिलं, ती मधोमधच होती. मग काकींनी नखाने ती हळूच डावीकडे सरकवली.

आरशात त्यांना मी दिसलो.

"सांगशीत तर बघ," काकी हळू आवाजात म्हणाल्या. "चाळीस वर्षां केलंय. अंगठो बधिर होतो तेव्हापण केलंय." आणि मग मोठ्याने, स्वयंपाकघराकडे तोंड करून, "अहो, चाय गार होता! आधी हय बघा जरा, बरोबर आसा काय ता?"

काका हात पुसत बाहेर आले. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली. काकींच्या समोर उभं राहून त्यांनी अंगठा कपाळावर टेकवला आणि डोळे मिटले. पिन टोचताना मिटायचे तसेच, पण या वेळी जरा जास्त वेळ.

"अर्धो सूत," ते म्हणाले. "डाव्याक."

मी पट्टी टीपॉयवर ठेवली आणि दार लोटून घेतलं.